आबालाल रहिमान यांचे कोटितीर्थ : कोल्हापुरातील निसर्गचित्रण आणि दृक्प्रत्ययवादाचा प्रश्न

प्रस्तावना

कोल्हापूर नगरीचा उल्लेख 'कलापूर' असा केला जातो. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत (१८९४-१९२२) गायन, नाट्य, मल्लविद्या आणि चित्रकला या चारही क्षेत्रांत या नगरीने जे वैभव पाहिले, त्याचा हा गौरव आहे. त्यापैकी गायनाचा इतिहास अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्यामुळे, नाट्याचा केशवराव भोसले यांच्यामुळे आणि कुस्तीचा खासबाग मैदानामुळे सर्वसामान्य वाचकालाही परिचित आहे. चित्रकलेच्या बाबतीत मात्र स्थिती निराळी आहे. बाबूराव पेंटर यांचे नाव चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले. परंतु ज्यांच्यापाशी कोल्हापूरच्या आधुनिक चित्रपरंपरेचा उगम सांगितला जातो, ते आबालाल रहिमान आजही मुख्यतः आख्यायिकांतूनच ओळखले जातात. तळ्याकाठी राहणारा फकिरी वृत्तीचा कलावंत, एवढीच त्यांची लोकप्रतिमा शिल्लक आहे.

या आख्यायिकेला जोडून आणखी एक विधान वारंवार केले जाते. आबालाल हे भारतातील पहिल्या दृक्प्रत्ययवादी चित्रकारांपैकी एक होते आणि क्लोद मोने यांनी फ्रान्समध्ये आपल्या बागेतील तळ्याकाठी जे केले, तेच आबालालांनी कोटितीर्थाच्या काठी केले, असे ते विधान. हे विधान गौरवाचे आहे, पण ते कितपत सार्थ आहे? आपल्याकडील कलावंताचे मोठेपण सांगण्यासाठी युरोपातील एखाद्या नावाचा आधार घेण्याची सवय मराठी कलासमीक्षेला दीर्घकाळ आहे. प्रस्तुत लेखात आबालालांची घडण, त्यांना लाभलेला राजाश्रय, कोटितीर्थाचा परिसर आणि दृक्प्रत्ययवादाचा इतिहास यांच्या आधारे या तुलनेचा विचार केला आहे.

कातिबांचे घर आणि मुंबईची कलाशाळा

आबालालांचे मूळ नाव अब्दुल अझीझ. एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. ही बाब चरित्रलेखक एका वाक्यात उल्लेखून पुढे जातात. वास्तविक ती अधिक थांबून पाहण्यासारखी आहे. कुराणाच्या पानावर माणसाचे, पशूचे वा पक्ष्याचे चित्र काढण्याची प्रथा नाही. अक्षर, भौमितिक नक्षी आणि फुलापानांची वेलबुट्टी एवढ्यावरच त्या पानाचे सौंदर्य उभे असते. हाशियातील वेल कोठे वळते, पाकळीची कड कोठे बारीक होते आणि कोठे जाड, हे कातिबाच्या घरातील मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक होते. अशा घरात वाढणाऱ्या मुलाची फुलाशी पहिली ओळख बागेत होते तशीच कागदावरही होते. लेखणीवरील ताबा, एकाच आकाराची न कंटाळता पुनरावृत्ती करण्याची सवय आणि कागदाच्या कोऱ्या भागाचा आदर या तीन गोष्टी त्या परंपरेने दिल्या असणार, असे मानण्यास जागा आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे न रंगवलेला कागद. तेव्हा कोरा भाग राखण्याची ही शिस्त पुढे त्यांच्या उपयोगी पडली नसती तरच नवल.

पुढे आबालाल मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत त्या काळी जॉन ग्रिफिथ्स हे प्रमुख होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे मोठे काम १८७२ ते १८८५ या काळात त्यांच्याच देखरेखीखाली झाले. शाळेचा अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा होता. प्लॅस्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचे रेखन, यथार्थदर्शन, शरीररचना आणि मग रंग, असा त्याचा क्रम असे. विद्यार्थ्याने वस्तूचे घनत्व अचूक दाखवावे, बाह्यरेषा निर्दोष असावी, छटा एकीत एक मिसळून गुळगुळीत व्हाव्यात, हे त्या शिक्षणाचे ध्येय होते. आबालाल या शिक्षणात केवळ उत्तीर्ण झाले नाहीत, तर अग्रभागी राहिले. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉय पदकाचा सन्मान मिळाला. बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापनाही त्याच वर्षीची. मुंबईत प्रदर्शने भरू लागली होती, युरोपीय व पारशी ग्राहक चित्रे विकत घेऊ लागले होते आणि राजा रविवर्मा यांनी तैलरंगातील पौराणिक चित्रांनी संस्थानिकांच्या दरबारांत लौकिक मिळवला होता. पदकविजेत्या तरुणासमोर यशाची वाट उघड होती.

आबालाल त्या वाटेने गेले नाहीत. ते कोल्हापूरला परतले आणि पुढचे सारे आयुष्य तेथेच राहिले. त्यांच्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८९० मध्ये, कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे. मध्ये दाखल झाले. ते विद्यार्थी म्हणून गेले आणि त्याच संस्थेत अध्यापक होऊन मोठ्या पदांपर्यंत पोहोचले. धुरंधरांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मचरित्र त्या काळाचा मोलाचा दस्तऐवज ठरले आहे. आबालालांनी असे काही लिहून ठेवले नाही. एकाच गावच्या दोन कलावंतांपैकी एकाचे आयुष्य तारीखवार उपलब्ध असावे आणि दुसऱ्याचे तोंडी आठवणींत विखुरलेले असावे, यात स्वभावभेदाचा भाग आहे; तसाच महानगर आणि संस्थान यांच्या नोंदव्यवस्थेतील फरकाचाही आहे.

राजाश्रय

शाहू छत्रपतींनी आबालालांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. संस्थानी दरबारातील चित्रकाराकडून त्या काळी मुख्यतः व्यक्तिचित्रांची अपेक्षा असे. राजघराण्यातील पुरुष आणि स्त्रिया, पाहुणे आलेले इंग्रज अधिकारी, क्वचित शिकारीचे वा समारंभाचे दृश्य हे त्याचे विषय. आबालालांचे शिक्षण अशा कामाला पूर्णपणे अनुकूल होते आणि व्यक्तिचित्रणावरील त्यांचे प्रभुत्व सर्वमान्य आहे. तरीही त्यांचे नाव टिकले ते निसर्गचित्रांमुळे. तळे, घाट, झाडे आणि पायवाटा यांची चित्रे दरबाराच्या गरजेची नव्हती. ज्या चित्रांची कोणी मागणी केली नाही अशी चित्रे काढण्याची सवड या कलावंताला मिळाली, हे शाहू छत्रपतींच्या आश्रयाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. कुस्तीगिराला खुराक द्यावा आणि गवयाला रियाजासाठी मोकळीक द्यावी, त्याच रीतीने चित्रकाराला त्याच्या मनाप्रमाणे राहू द्यावे, हे धोरण लेखी कोठे असो वा नसो, व्यवहारात दिसते.

६ मे १९२२ रोजी शाहू छत्रपतींचे मुंबईत निधन झाले. त्यानंतरची आबालालांची नऊ वर्षे विपन्नावस्थेत आणि एकांतात गेली. २८ डिसेंबर १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या विपुल निर्मितीपैकी फार थोडी चित्रे आज शिल्लक आहेत. चित्रांचा नाश कसा झाला यासंबंधी निरनिराळ्या कथा कोल्हापुरात सांगितल्या जातात. त्यांतील नाट्य आकर्षक असले तरी कागदावरील चित्र नष्ट होण्यास नाट्याची गरज नसते. दमट पावसाळा, वाळवी आणि वारसदारांची उदासीनता पुरेशी असते.

तीर्थ आणि तळे

आबालालांचे वास्तव्य कोटितीर्थाच्या परिसरात होते. हे तळे जुन्या शहराच्या तटाबाहेर, पूर्वेच्या बाजूस आहे. काठावर महादेवाचे देऊळ, भोवती झाडी आणि पलीकडे त्या वेळी शेती व माळ असा तो परिसर होता. १९०६ मध्ये शाहू छत्रपतींनी जवळच कापसाची सूत व विणकाम गिरणी स्थापन केली. म्हणजे चित्रकार ज्या काळात या तळ्याकडे पाहत होता, त्याच काळात संस्थानचा औद्योगिक इतिहासही तेथून हाकेच्या अंतरावर सुरू होत होता. झाडीत बसलेला तपस्वी हे आबालालांचे रूढ चित्र काढताना गिरणीची ही बाजू सहसा वगळली जाते.

कोल्हापूर हे मुळात तळ्यांचे गाव. करवीर क्षेत्राच्या माहात्म्यात तीर्थांना देवळांइतकेच महत्त्व आहे. रंकाळा, कोटितीर्थ, पद्माळा, सिद्धाळा, कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वर, फिरंगाई अशी पाण्याची ठिकाणे शहरात व भोवती पसरलेली होती. यांतील कपिलतीर्थाच्या जागी आज भाजी मंडई आहे, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे आहे. विसाव्या शतकात वाढत्या शहराने आपली बहुतेक तळी बुजवली. त्यामुळे आबालाल आणि त्यांच्या नंतरच्या चित्रकारांनी काढलेली कोल्हापूरची पाण्याची चित्रे आज कलाकृतीबरोबरच स्थळाचा पुरावाही ठरतात. एखाद्या काठावर झाडे किती होती, घाटाच्या पायऱ्या कोठवर होत्या, पाण्याची पातळी कोणत्या ऋतूत कोठे असे, हे महसुली कागदपत्रांतून कळत नाही, चित्रातून कळते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या साधनाचा उपयोग अद्याप पुरेसा केलेला नाही.

आबालालांच्या चित्रविषयांत कोटितीर्थाबरोबरच रंकाळ्यातील संध्यामठ आणि पंचगंगेचा घाट येतात. या ठिकाणांत एक साम्य आहे. संध्यामठ हा रंकाळ्याच्या काठाशी पाण्यात उभा असलेला दगडी मंडप. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तो पायापासून दिसतो, पावसाळ्यात पाणी चढले की निम्मा बुडतो. पंचगंगेच्या पात्रातील लहान देवळे आणि समाध्या पुराच्या दिवसांत पूर्णपणे पाण्याखाली जातात. ज्याचा आकार ऋतूनुसार बदलतो असे स्थापत्य हा चित्रकाराचा विषय झाला. दगडासारखी स्थिर वस्तूही पाण्यामुळे अस्थिर होते, ही गोष्ट या चित्रकाराला पुन्हा पुन्हा त्याच जागी नेत असावी.

येथे आणखी एका बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. कुराणाच्या प्रती करणाऱ्या घराण्यातील कलावंत हिंदूंच्या तीर्थांची चित्रे आयुष्यभर काढत राहिला आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटल्याची आठवण कोल्हापुरात सांगितली जात नाही. आजच्या वाचकाला हे विशेष वाटेल. त्या काळच्या कोल्हापुरात ते तसे नव्हते. ज्या दरबारात अल्लादियाखाँ अंबाबाईच्या देवळात गात, त्या दरबाराच्या चित्रकाराने संध्यामठ रंगवावा हे क्रमप्राप्तच होते.

दृक्प्रत्ययवाद : नाव आणि वस्तुस्थिती

दृक्प्रत्ययवाद हे नाव टिंगलीतून आले. १८७४ मध्ये पॅरिसमधील काही चित्रकारांनी सरकारी प्रदर्शनाला पर्याय म्हणून छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्यातील मोने यांच्या सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून लुई लर्वा या टीकाकाराने या मंडळींना उपहासाने हे नाव दिले. या चळवळीच्या मागे काही निश्चित कारणे होती. १८४१ मध्ये जॉन रँड यांनी धातूच्या नळीत तैलरंग भरण्याची युक्ती शोधल्यामुळे तैलचित्रकाराला खोलीबाहेर काम करणे सुकर झाले. शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये शेजारच्या रंगांचा परस्परांवर होणारा परिणाम विशद केला होता. छायाचित्रामुळे हुबेहूबपणाची किंमत उतरली होती आणि जपानी ठशांनी रचनेची नवी दृष्टी दिली होती. सावली काळी नसते, तिलाही रंग असतो. रंग फळीवर मिसळण्याऐवजी सुट्या फटकाऱ्यांनी शेजारी शेजारी ठेवावेत आणि डोळ्याने ते मिसळून घ्यावेत, ही या चित्रकारांची दृष्टी होती.

मोने १८८३ मध्ये झिव्हेर्नी या खेड्यात राहावयास गेले. १८९० मध्ये त्यांनी ते घर विकत घेतले आणि १८९३ मध्ये शेजारची जमीन घेऊन तेथे तळे करविले. त्या तळ्यातील कुमुदांची सुमारे २५० तैलचित्रे त्यांनी काढली. त्यांतील भव्य फलक १९२७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, पॅरिसच्या ऑरांजरीत प्रदर्शित झाले. मोने (१८४०-१९२६) आणि आबालाल हे जवळजवळ समकालीन. दोघांनीही उत्तरायुष्य एका तळ्याकाठी घालविले. साम्य येथवर खरे आहे.

भेद मात्र मूलगामी आहे. मोने यांचे तळे हे त्यांनी स्वतः घडविलेले होते. कोणते फूल कोठे लावायचे, पूल कोणत्या रंगाचा असावा, पाणी कोठून आणायचे, हे सारे चित्राच्या सोयीने ठरले होते आणि त्यासाठी माळी नेमलेले होते. बाग हे तेथे चित्राचे पहिले आरेखनच होते. कोटितीर्थ कोणी चित्रासाठी केलेले नव्हते. तेथे भाविक स्नानाला येत, धुणी धुतली जात, गुरे पाण्यावर येत. पाण्यावरची वनस्पती, काठचे झाड, पाणकोंबडी आणि ढोकरी जशी असतील तशी चित्रकाराच्या वाट्याला येत. बागेच्या मालकाला निसर्ग निवडता येतो. तळ्याकाठच्या रहिवाशाला तो स्वीकारावा लागतो. पहिल्याच्या चित्रांत उत्तरोत्तर क्षितिज नाहीसे होऊन केवळ पाण्याचा पृष्ठभाग उरला. दुसऱ्याच्या चित्रांत काठ, पायऱ्या आणि देऊळ यांचा आधार सुटत नाही. हा फरक कौशल्याचा नाही, तो जागेशी असलेल्या नात्याचा आहे.

दुसरा प्रश्न संपर्काचा. आबालालांना फ्रेंच चित्रकारांचे काम पाहावयास मिळाले असण्याची शक्यता कितपत होती? त्यांचे कलाजीवन मुंबई आणि कोल्हापूर येथेच गेले. ग्रिफिथ्स यांच्या काळातील जे. जे. च्या अभ्यासक्रमात फ्रेंच नवचित्रकलेला स्थान नव्हते. लंडनमध्येही तिला मान्यता मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. रंगीत छपाई महाग व दुर्मीळ होती आणि एकरंगी छापील प्रतिकृतीतून रंगविचार कळणे अशक्य. मुंबईत या विचाराचा खरा प्रवेश बराच उशिरा झाला. चार्ल्स जेरार्ड १९३६ मध्ये जे. जे. चे प्रमुख झाले आणि ऑस्ट्रियातून नाझी राजवटीमुळे बाहेर पडलेले वॉल्टर लँगहॅमर त्यानंतर मुंबईत आले. या दोघांमुळे तेजस्वी, तुटक फटकाऱ्यांची रंगपद्धती तरुण चित्रकारांना ज्ञात झाली. तोपर्यंत आबालालांच्या निधनाला पाच-सात वर्षे लोटली होती.

मग आबालालांच्या चित्रांत सुट्या फटकाऱ्यांनी आणि ठिपक्यांनी रचलेली पाने, रंगीत सावल्या आणि पाण्यावरील प्रकाशाचे तुकडे आले कोठून? दोन उत्तरे संभवतात. पहिले इंग्रजी जलरंगाच्या परंपरेचे. टर्नर व त्यांच्या पिढीपासून उघड्यावर बसून प्रकाश आणि वातावरण टिपण्याची रीत इंग्रज चित्रकारांत होती आणि हिंदुस्थानात आलेले अधिकारी व प्रवासी चित्रकार ती येथे घेऊन आले होते. या परंपरेचे ऋण फ्रेंच चित्रकारांवरही होते. मोने यांनी १८७०-७१ मध्ये लंडनमध्ये टर्नर यांची चित्रे पाहिली होती. म्हणजे कोटितीर्थ आणि झिव्हेर्नी यांच्यातील साम्य बाप-लेकाचे नसून चुलत नात्याचे असू शकते. दुसरे उत्तर माध्यमाचे. लघुचित्रकार पर्दाज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने अतिसूक्ष्म ठिपके आणि रेषा शेजारी शेजारी ठेवून छटा साधत असे. दख्खनमध्ये, विशेषतः विजापूरच्या दरबारात, ही कला बहरली होती आणि विजापूर कोल्हापूरपासून फार दूर नाही. मुघल चित्रशाळेत जहांगीराच्या काळात (१६०५-१६२७) उस्ताद मन्सूर यांनी फुलांची आणि पक्ष्यांची जी चित्रे केली, त्यांत पिसांचा मऊपणा याच रीतीने साधला आहे. पोथीच्या पानाजवळ वाढलेल्या कलावंताचा हात ठिपक्याला सरावलेला असेल, तर झाडाची पालवी दाखवण्यासाठी त्याला पॅरिसकडे पाहण्याचे कारण नव्हते. पर्दाजचा उद्देश छटा एकजीव करण्याचा, दृक्प्रत्ययवाद्याचा त्या सुट्या ठेवण्याचा, हा भेद खरा. परंतु जवळून ठिपके आणि दुरून आकार हा अनुभव दोन्हींत समान आहे.

'दृक्प्रत्ययवादी' हे विशेषण आबालालांना वर्णन म्हणून लावण्यास हरकत नाही. वंशावळ म्हणून ते लावता येत नाही. पहिल्या अर्थाने ते त्यांच्या चित्राकडे लक्ष वेधते, दुसऱ्या अर्थाने त्यांना एका दूरच्या चळवळीची उशिरा उमटलेली प्रत ठरवते.

प्रकाशाचा भूगोल

या तुलनेत एक गोष्ट सहसा विचारात घेतली जात नाही, ती म्हणजे अक्षांश. झिव्हेर्नी सुमारे ४९ अंश उत्तरेस आहे, कोल्हापूर १६.७ अंशांवर. उत्तर फ्रान्समध्ये उन्हाळ्यातील संध्याकाळ दीर्घकाळ रेंगाळते; तिरपा, सोनेरी प्रकाश तासन् तास टिकतो. कोल्हापुरात सूर्य सरळ खाली उतरतो आणि संधिप्रकाश अर्ध्या तासाच्या आत संपतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टच्या प्रारंभी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली पायाखाली नाहीशी होते. अशा प्रकाशात दुपारी रंग फिके पडतात, आकार सपाट होतात. चित्रकाराच्या हाती उरतात त्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या घटका. त्यामुळे येथील निसर्गचित्रकाराला वेगाने काम करणे भाग असते आणि वेगाला जलरंगासारखे दुसरे माध्यम नाही. चैत्र-वैशाखात कागदावरचा ओला थर पाहता पाहता वाळतो, म्हणून फटकारे तुटक राहतात. श्रावणात तोच थर वाळत नाही, रंग एकमेकांत उतरतात आणि चित्र आपोआप धूसर होते. फटकाऱ्याची शैली केवळ मतातून येत नाही, हवेतूनही येते. कोल्हापूरच्या निसर्गचित्रांत जो मातकट हिरवा आणि करडा रंग पुन्हा पुन्हा दिसतो, त्याला काळ्या मातीचा, उसाच्या शेतीचा आणि चार महिन्यांच्या ढगाळ आभाळाचा आधार आहे. आबालाल पाने, माती आणि दगड यांपासून रंग तयार करीत असत असे सांगितले जाते.

नंतरची पिढी

आबालालांनी शाळा काढली नाही, तरी त्यांच्या सहवासाचा परिणाम कोल्हापूरच्या पुढच्या पिढीवर झाला. आनंदराव व बाबूराव हे मेस्त्री घराण्यातील चुलतभाऊ, जे पुढे पेंटर म्हणून ख्यात झाले, ते आबालालांना आदरस्थानी मानत. आनंदरावांचे १९१६ मध्ये अकाली निधन झाले. बाबूरावांनी (१८९०-१९५४) महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन करून १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. त्यांच्या चित्रपटांतील छायाप्रकाशाची जाण ही चित्रकाराची जाण होती, हे सर्वच अभ्यासक मान्य करतात. आबालालांची चर्चा जिवंत ठेवण्याचे श्रेय प्रामुख्याने माधवराव बागल (१८९५-१९८६) यांना द्यावे लागते. सत्यशोधक आणि प्रजापरिषदेचे नेते म्हणून परिचित असलेले बागल स्वतः जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार होते. कोल्हापूरच्या कलावंतांविषयी त्यांनी लिहिले नसते, तर आबालालांविषयी आज जे थोडेफार ज्ञात आहे तेही राहिले नसते. एका बंडखोर राजकीय कार्यकर्त्याने एका अबोल चित्रकाराची स्मृती जपावी, हा कोल्हापूरच्या सामाजिक इतिहासातील विलक्षण योग होय.

निसर्गचित्रणाची ही ओढ पुढे अभिनेते चंद्रकांत मांडरे (१९१३-२००१) यांच्यापर्यंत दिसते. चित्रपटातील भूमिकांमुळे लोकप्रिय असलेल्या मांडरे यांनी जलरंग आणि पावडर शेडिंग या माध्यमांत विपुल निसर्गचित्रे केली आणि राजारामपुरीतील आपले घर चित्रसंग्रहासह शासनाच्या स्वाधीन केले. तेथे आज त्यांच्या नावाचे कलासंग्रहालय आहे. स्वतःचा संग्रह स्वतःच्या हयातीत सुरक्षित करण्याची ही दूरदृष्टी आबालालांच्या चित्रांच्या वाताहतीच्या पार्श्वभूमीवर अधिक जाणवते.

आबालालांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. १८७२ ते १८७६ या काळात चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या या इमारतीभोवती जुन्या झाडांची बाग आहे. प्रकाश हा ज्या चित्रांचा विषय, त्याच चित्रांचा तो शत्रूही आहे. जलरंगातील लाल व पिवळ्या छटा प्रकाशाने प्रथम विटतात आणि जे सायंकाळचे आकाश होते ते काही दशकांत सकाळचे वाटू लागते. ब्रिटिश शासनाने नेमलेल्या रसेल आणि अबनी या शास्त्रज्ञांनी १८८८ मध्येच, म्हणजे आबालालांच्या पदकाच्या वर्षीच, जलरंग प्रकाशात कसे विटतात याचा अहवाल प्रसिद्ध केला होता. त्यानंतर जगभरच्या संग्रहालयांत जलरंगचित्रे मंद प्रकाशात व ठराविक काळच मांडण्याची पद्धत रूढ होत गेली. कोल्हापुरातील या चित्रांची शास्त्रीय सूची, त्यांच्या आजच्या रंगांची नोंद आणि खाजगी घरांतून असलेल्या चित्रांची छायाचित्रे हे काम व्हावयास हवे, कारण तुलना करण्यासाठी कोटितीर्थाचे पाणी अजून शिल्लक आहे, रावणेश्वराचे नाही.